अखाजीत मोजलेलं पाणी

सोनगीरच्या पुढे हायवेला लागून एक कॉलेज आहे. त्या संस्थेच्या सेक्रेटरीने मला फसवलं. माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलं आणि मग ते माझ्याच नावावर खपवलं. धुळ्यात आणि जळगावात अजून अशी माणसं आहेत जी सांगतात की मी पाण्याचा अंदाज चुकवला. अंदाज चुकला नव्हता. मला विहीर खोटी दाखवली होती. हे आधीच लिहून टाकतो, कारण मध्येच कुणीतरी दुसरी बाजूही ऐकून घ्यावी असं म्हणायला लागतं. दुसरी बाजू मी त्या सेक्रेटरीच्याच व्हरांड्यात, त्याचाच चहा पिऊन ऐकलेली आहे. तो चहा आठवला की अजून तोंड कडू होतं.

माझा बाप सालदार होता. आमच्या खान्देशात सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा माणूस. त्याचं वर्ष अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला संपतं आणि अखाजीलाच नवं सुरू होतं. मी मात्र बैलामागे गेलो नाही. फैजपूरकडे केळीच्या बागांत नळ्या अंथरण्याचं काम नवीन निघालं होतं, तिथे डोक्यावरून पाइपांची भेंडोळी वाहत शिकलो. केळी हा उत्तम मास्तर आहे. पाणी कमी पडलं की तिचा घड पोटातच अडकतो, आणि मालक काय बोलायचं ते शेजाऱ्यांदेखत बोलतो. तिथे मी एक गोष्ट शिकलो: पाइप कुणीही विकतो, पाण्याबद्दलचा शब्द कुणी विकत नाही. जळगावात दुकान टाकलं तेव्हा मी तोच विकायला ठेवला. या जागेला उन्हाळ्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी किती पाणी लागेल आणि तेवढं इथे आहे की नाही, एवढंच मी सांगायचो. नसेल तर नाही म्हणायचो आणि ऑर्डर सोडून द्यायचो. म्हणून लोक म्हणायचे, याने हो म्हटलं ना, मग पाणी आहे. ऐंशीच्या दशकात माझ्याकडे दुसरी इस्टेट नव्हती.

सेक्रेटरीला हाच शब्द हवा होता. संस्थेला इंजिनियर काही कमी नव्हते. पण कॉलेजला परवानगी देणाऱ्या समितीत फैजपूरचे एक गृहस्थ होते, त्यांच्या बागेत मी काम केलं होतं. त्या उजाड माळावर इतक्या मोठ्या आवाराला पाणी कुठून आणणार, असं त्यांनी विचारलं आणि माझं नाव घेतलं. तो म्हणाला तर मानू, म्हणाले. आठवड्याच्या आत सेक्रेटरी माझ्या दुकानाच्या पायरीवर हजर. पांढरीशुभ्र सफारी, हातात पानाचा डबा, बोलणं तुपात तळलेलं. सगळे त्याला नाना म्हणायचे, मीही म्हणालो.

जागा बघायला गेलो. मुरूम, कुसळं, आणि खाली एक नाला. नाल्याच्या काठाने गावातल्या शेतकऱ्यांच्या विहिरी ओळीने, त्यातच एक संस्थेची.

"नाना, गवत कुठे कुठे?"

"सगळीकडे. गेटपासून बिल्डिंगपर्यंत. माणूस गाडीतून उतरला की त्याला थंड वाटलं पाहिजे."

"गाई पाळणार का?"

तो खूप हसला. "भाऊ, तुम्ही फार तिखट."

मी तिथेच मुरमावर काटकीने हिशोब मांडला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. त्या माळावर वैशाखात गवत रोज आठ मिलिमीटर पितं. दुपारचा वारा फवाऱ्याचं पाणी उडवून नेतो, काही पाणी रस्त्यावर पडतं, ते सगळं धरून दहाच्या वर जातं. एकर म्हणजे ढोबळ चार हजार चौरस मीटर. म्हणजे एका एकराच्या गवताला दर दिवशी दहा हजार लिटरचे चार टँकर, आणि त्यांना पाच एकर हवं होतं. वर झाडं आणि कुंपणाची मेंदी वेगळी.

"नाना, हे गवत नाही, हे गाव आहे. एवढ्या पाण्यात एक गाव पाणी पिऊन, आंघोळ करून वर म्हशी धुतं."

"मग किती करायचं?"

"एक एकर. बिल्डिंगसमोर. बाकी निंब, करंज, सीताफळ लावा. दोन वर्षं पाणी घाला, मग त्यांचं ते बघतील."

घासाघीस झाली. मी घासाघिशीत कच्चा नाही. सालदाराच्या पोराला ती बाळकडूतच मिळते, कारण दर अखाजीला निंबाखाली बापाची घासाघीस बघतच तो वाढतो. शेवटी तीन एकरांवर थांबलो. झाडं-मेंदी धरून रोजचं दीड लाख लिटर. मी म्हणालो, कागद देईन, पण विहीर मी स्वतः उपसून बघणार. पावसाळ्यात नाही, दिवाळीत नाही. भर वैशाखात, पाणी तळाला गेलेलं असताना. सलग तीन दिवस.

इथे तो अडेल असं मला वाटलं होतं. पाण्याची खोटी कामं करणारे सगळे इथेच अडतात, त्यांना विहीर दाखवायची असते ती पोळ्याच्या सुमाराला. हा माणूस म्हणाला, "तुमच्या मर्जीप्रमाणे, भाऊ." मी परत जाताना एसटीत खुशीत होतो. मला वाटलं, मी त्याला दाबला.

मी चैत्र संपता संपता येतो म्हणालो, तर निरोप आला, इंजिन दुरुस्तीला दिलं आहे. वैशाख लागल्याबरोबर दुसरा निरोप आला, इंजिन तयार आहे, अखाजीला या, पाहुणचारही होईल.

अखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर खरबूज किंवा आंबा, समोर आगारी, म्हणजे निखाऱ्यावर त्यांच्या नावाने टाकलेला घास. बाप जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्या वर्षी त्याची घागर माझ्या बायकोने एकटीने भरली, कारण मी दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी मोजत बसलो होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या पिकांना पाणी दिलेला माणूस, त्याच्या वाट्याची एक घागर, आणि तीही पोराच्या हाताने नाही. मी निघताना बायको म्हणाली होती, "सणाचं कोण विहीर बघतं?" मी तिच्यावर खेकसलो, की वैशाख तुझ्यासाठी थांबणार आहे का.

तीन दिवस डिझेल इंजिन धडधडत ठेवलं. पिंप भरायला लागणारा वेळ घड्याळावर धरला, विहिरीत दोर सोडून पाणी किती उतरतं ते पाहिलं, इंजिन बंद करून ते किती वेळात परत चढतं तेही पाहिलं. विहीर खाली जायची आणि पुन्हा वर यायची. सोनगीरच्या त्या खडकात, त्या महिन्यात, मी अशी विहीर पाहिली नव्हती. काठावर बसलो की गावातून बायकांची झोक्यावरची गाणी ऐकू यायची. माहेरी आलेल्या पोरी हसत होत्या. गडीमाणसं निंबाखाली पत्ते कुटत होती, अखाजीला पत्ते खेळायला कुणी कुणाला अडवत नाही. मधूनच डाव जिंकल्याची आरोळी यायची. गाणी, आरोळ्या, माझ्या इंजिनाची धडधड. दुसरा आवाज नाही. मला तो आनंदाचा वाटला. सेक्रेटरीच्या घरून खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरसाचं भांडं आलं, मी बोटं चाटून खाल्लं. आता त्या आमरसाचा विचार केला तरी घशाशी येतं.

मी कागद दिला. रोजची गरज अमुक, विहिरीची उन्हाळ्यातली आवक अमुक, पाणी पुरेल. खाली सही. समितीने परवानगी दिली.

पावसाळ्यात नळ्या गाडल्या, फवारे बसवले, गवत लावलं. दिवाळीला ते इतकं हिरवं झालं की हायवेवरचे ट्रकवाले गाडी बाजूला घेऊन बघायचे. सेक्रेटरीने तिथे फोटो काढून घेतले. फोटोत मीही आहे, त्याच्या शेजारी, दात काढून.

पुढच्या वैशाखात, अखाजी उलटून पंधरवडा झाल्यावर, बोलावणं आलं. गेलो तर गवत पिवळं पडलेलं, मधोमध टक्कल. फवारे फुरफुरून थुंकत होते, नुसती हवा. व्हरांड्यात संस्थेची मंडळी बसली होती. सेक्रेटरी उठलाही नाही.

"काय भाऊ, तुमचा शब्द म्हणजे पाणी ना?"

बाकीचे हसले. मी विहिरीकडे गेलो. तळाला चुळकाभर पाणी, त्यात पंपाचं तोंड उघडं पडलेलं. मी काठावर बसलो. त्याच दगडावर, जिथे बसून मी पोळ्या खाल्ल्या होत्या. आणि मला ऐकू आलं.

मोटारी. नाल्याच्या वरच्या अंगाला, खालच्या अंगाला, समोरच्या लिंबाच्या बागेत, भुईमुगाच्या वावरात, सगळीकडे मोटारींची घरघर. कपाशीची लावणी तोंडावर आली होती, जो तो जमीन ओलवत होता. त्या काठच्या सगळ्या विहिरींना झरा एकच. एकीने ओढलं की दुसरीत कमी. अखाजीच्या त्या तीन दिवसांत या सगळ्या मोटारी मुक्या होत्या. जुन्या सालदाराचं वर्ष संपलेलं, नव्याची बोली व्हायची बाकी, मालक पत्त्यांत, मालकिणी लेकींच्या कौतुकात. बटण दाबायला शिवारात माणूसच नव्हता. सगळ्या गावाचं पाणी तीन दिवस संस्थेच्या एका विहिरीत उतरत होतं, आणि मी ते तिचं म्हणून मोजत होतो.

मी भर वैशाख मागितला होता. त्याने मला भर वैशाखच दिला. त्यातून फक्त ते तीन दिवस काढून दिले, ज्यांत वैशाख वैशाखासारखा नसतो. आणि हे ज्याला कळावं असा त्या माळावर एकच परका माणूस येणार होता, तो म्हणजे मी, सालदाराचा पोर. ज्या सणाला माझ्या बापाला वर्षातून एकदा श्वास घेता यायचा, तोच सण माझ्या गळ्यात दोरीसारखा अडकवला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

मी व्हरांड्यात परत आलो तेव्हा माझा आवाज चढला होता, हे मी नाकारत नाही.

"नाना, अखाजीचा दिवस कुणी काढला?"

"भाऊ, वैशाख तुम्ही मागितला."

"दिवस कुणी काढला?"

"आता सण कधी येतो हे काय मी ठरवतो?" त्याने पानाचा डबा उघडला. "चहा घ्या. डोकं शांत करा."

"तुमची स्वतःची त्याच नाल्यावर तीन शेतं आहेत. तुमचे सालदार अखाजीला घरी जातात की नाही?"

"जातात ना. धर्माचं आहे, कसं अडवायचं?" आणि मंडळींकडे बघून म्हणाला, "यांचे वडीलही सालदार होते. यांना ठाऊक असायला पाहिजे."

सगळे पुन्हा हसले. त्याला माहीत होतं. त्याला माझा बाप कोण होता हेही माहीत होतं, आणि तरी, किंवा म्हणूनच, त्याने मला अखाजीला बोलावलं. चहा समोर आला. मी तो प्यालो आणि कप खाली ठेवला.

मी म्हणालो, गवत उपटा. त्या पाण्यात झाडं जगतील. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात पाहणी आहे, हिरवं दिसलंच पाहिजे. काय करायचं ते आम्ही बघू.

त्यांनी काय केलं ते मला आठ दिवसांनी कळलं. नाल्याच्या खालच्या अंगाला ग्रामपंचायतीची पिण्याच्या पाण्याची विहीर होती. तिच्यावर संस्थेचा टँकर लागला. दिवसाढवळ्या. सरपंचाने विचारलं तर सेक्रेटरीने माझा कागद काढून दाखवला. रोज दीड लाख लिटर लागतं, जाणकाराने सही करून दिलंय, आम्ही मनाने नेत नाही. कागदात दोन आकडे होते. विहिरीच्या आवकेचा त्यांनी खोटा करून घेतला होता. गरजेचा खरा होता, आणि तो पुढे करून ते गावाच्या तोंडचं पाणी नेत होते.

मी गेलो. गेटजवळ ओल्या मातीचा आणि कुजक्या गवताचा वास येत होता, कारण टँकरचं पाणी एकाच कोपऱ्यात ओतून तिथे चिखल झाला होता. मधल्या भागात टाकीत ओतलेल्या टँकरच्या पाण्यावर फवारे फिरत होते. भर दुपारी! त्या उन्हात निम्मं पाणी जमिनीला लागायच्या आत वाफ होत होतं. कुंपणाच्या तारेबाहेर बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. त्यातली एक वयस्कर अक्का, कुंपणाला लागून वावर असलेली, मला ओळखत होती. मोजणीच्या दिवसांत तिने मला ताक दिलं होतं.

"भाऊ," ती तारेपलीकडून अहिराणीत म्हणाली, "हाई गवत कोन खास?"

"कोनीच नही, अक्का." ते गवत खरंच कुणी खात नव्हतं.

"गाय खास?"

"नही."

"बकरी?"

"तिले मझार येवू देतस नही." बकरीला ते आत सोडतच नव्हते.

"मंग आमना हंडा कोरडा आनि याले फवारा." तिने हंडा दुसऱ्या काखेत घेतला. "कोना पोऱ्या शे हाऊ, इतला लाडका?"

बायका हसल्या. मग ती हसायची थांबली आणि म्हणाली, "कितलं पानी लागस, हाई तूच लिखी दिधं ना? बठ्ठा गावले माहीत शे."

सगळ्या गावाला माहीत होतं. एवढी वर्षं माझं नाव आणि पाणी असं एकत्र घेतलं जायचं ते याच्यासाठी. मला तिला सांगता आलं असतं की अक्का, मला फसवलं. पण कोरडा हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला आपलं गाऱ्हाणं काय सांगणार? मी वळलो आणि मुख्य व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरलो. वॉचमन "ओ भाऊ, ओ भाऊ" करत मागे आला. मी व्हॉल्व्ह घट्ट फिरवून बंद केला, वरचा नट सोडला आणि त्याचं लोखंडी चाक काढून पिशवीत टाकलं. फवारे एकेक करत वाकले आणि थांबले. तारेबाहेर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अक्काने फक्त विचारलं, "आते टँकर गावमा जाई का?"

नाही गेला. दुसरं चाक धुळ्याच्या बाजारात केव्हाही मिळतं. दोन दिवसांत त्यांनी बसवलं. पाहणी झाली, पाहुण्यांना थंड वाटलं, आणि महिन्याभरात सगळं गवत वाळून गेलं ते गेलंच. आज तिथे गाजरगवत आहे.

सेक्रेटरीने त्यानंतर बोलायला सुरुवात केली. फैजपूरला बोलला, एरंडोलला बोलला, जिथे जिथे माझं काम होतं तिथे पान खात खात बोलला. माणूस चांगला आहे हो, पण आता अंदाज येत नाही त्याला. शिवाय डोकं गरम, आमच्या कॉलेजात तोडफोड केली. एकदा असं बोललं गेल्यावर पाण्याचा शब्द विकणाऱ्याचं काय उरतं? मी पुढे पाइप विकले. अजून विकतो, बरे विकतो, कुणाची दया नको. पण गिऱ्हाईक आता विचारत नाही की भाऊ, इथे पाणी पुरेल का. ते पाइपाचा भाव विचारतं.

मागे एका कार्यक्रमात त्याचं भाषण ऐकलं. विषय होता पाणी वाचवा. गळ्यात हार, समोर प्लास्टिकच्या बाटल्या. तो म्हणाला, पाणी हे अमृत आहे, एकेका थेंबाचा हिशोब द्यावा लागतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत बसलो होतो. उठून बाहेर आलो आणि गटारीवर थुंकलो, कारण तोंडात जे जमलं होतं ते गिळवेना.

ते चाक अजून माझ्या दुकानात आहे, गंजलेलं, बिलं उडू नयेत म्हणून ठेवतो. समितीकडे मी उत्तर मागत नाही, सरपंचाकडेही नाही. कोर्टात जाऊन काय सिद्ध करणार, की त्या दिवशी सण होता? मला एकाच माणसाकडून एक उत्तर हवं आहे, आणि ते व्हरांड्यात, चहावर नको.

नाना, तुमच्याही घरी अखाजीला घागर भरतात. तुमच्या वडिलांच्या नावाची, तुमच्या आजोबांच्या नावाची. येत्या अखाजीला ती भरली की मला बोलवा. मी येईन, आमरस खाणार नाही. त्या अक्कालाही बोलवा, ती नसेल तर तिच्या सुनेला, आणि गावाला. सगळ्यांसमोर त्या भरल्या घागरीवर हात ठेवा आणि सांगा: नाल्यावरच्या सगळ्या मोटारी बंद असतात हे माहीत असूनच तुम्ही मला तो दिवस दिला होता की नाही? हो किंवा नाही. पानाचा डबा बाजूला ठेवून उत्तर द्या.